चार खांबांपुढे

अ‍ॅडलेड
९ एप्रिल

प्रिय मर्ना आत्या,

फोनच करणार होतो. पण मागच्या खेपेला तुझ्या कानातलं यंत्र शिट्ट्या मारायला लागलं आणि तू चारदा "कोण गेलं?" म्हणून ओरडलीस. कुणी गेलं नव्हतं, मी तुला वाढदिवसाच्या शुभेच्छा देत होतो. म्हणून हे पत्र.

बातमी वाईट आहे. या मोसमात पाच सामने खेळलो, गोल फक्त तीन. काल सरावानंतर आमचा कोच लेन कराबेलास गाड्या लावतात तिथे मला गाठून म्हणाला, "ट्रेगेन्झा, शनिवारपासून तू राखीव संघात. आणि मागे."

"मागे म्हणजे बाकावर?"

"बाकावर कशाला? बचावफळीत."

एवढं बोलून तो गाडीत बसला आणि गेला.

सात वर्षांचा होतो तेव्हापासून मी पुढे खेळतोय. हॅलोरन बेच्या क्लबात बाबांचा फोटो आहे ना, 'गार्थ ट्रेगेन्झा, एका मोसमात नव्व्याण्णव गोल', त्याच्याखाली उभं करून बाबांनी माझा पहिला फोटो काढला होता. आता त्यांचा मुलगा दुसऱ्यांचे गोल अडवत फिरणार. इथली पोरं म्हणतात, ज्याला गोल मारता येत नाही आणि ज्याला हाकलायचा धीर होत नाही, त्याला कराबेलास मागे उभा करतो. माझा करार सप्टेंबरमध्ये संपतो. म्हणजे हाकलायचा मुहूर्तही ठरलेलाच आहे.

बाबांना सांगू नकोस. आईला सांगितलंय. ती म्हणाली, "तुमचं ते हातापायांनी खेळायचं फुटबॉल तुम्ही निस्तरा."

तुझा,
कॅलम

*

हॅलोरन बे
१६ एप्रिल

लाडक्या कॅलम,

पत्र वाचलं. दोनदा वाचलं, कारण तुझं अक्षर म्हणजे खेकडा वाळूवरून चालत गेल्यासारखं.

मी बावीस वर्षं गोलपंच म्हणून पांढरा डगला घालून गोलच्या मागे उभी होते. चेंडू मधल्या दोन उंच खांबांतून गेला की दोन झेंडे, सहा गुण. बाजूच्या फटीतून गेला की एक झेंडा, एक गुण. या किनाऱ्यावर मला लोक तेवढ्यासाठीच ओळखतात. त्या बावीस वर्षांत गोल मारणाऱ्यांचे मला चेहरे दिसले. बचाववाल्यांच्या मात्र मी पाठी पाहिल्या, दहा पावलांवरून. तेव्हा शिक्षा कशाला म्हणतात आणि कशाला नाही, हे मला शिकवू नकोस. आधी खेळ, मग रड.

गार्थला सांगणार नाही. पण मला हे आवडलेलं नाही, हेही लिहून ठेवते. दर शनिवारी संध्याकाळी तो कालवांच्या शेडमध्ये ओले हात पुसून फोनवर निकाल बघतो. गोल करणाऱ्यांच्या यादीत तुझं नाव शोधतो. नसलं की फोन खिशात घालतो आणि टोपल्या जरा जास्तच जोरात आपटतो.

जेवत जा. इथून निघालास तेव्हा तुझा गळा कोंबडीसारखा दिसत होता.

मर्ना आत्या

*

अ‍ॅडलेड
३० एप्रिल

प्रिय आत्या,

आधी खेळलो. आता रडतो.

माझ्यासमोर ब्रॉडी नावाचा तेहतीस वर्षांचा प्लंबर होता. पोट सुटलेलं, गुडघ्याला पट्टी. मला वाटलं, याला तर मी चालत चालत पकडेन. त्याने माझ्यावर पाच गोल मारले. प्रत्येक वेळी मी चेंडूकडे बघत होतो आणि तो माझ्याकडे. चेंडू हवेत असतानाच ढुंगणाने मला हलकेच ढकलायचा, एक पाऊल, जास्त नाही. मी तोल सावरेपर्यंत चेंडू त्याच्या हातात. पाचव्या गोलनंतर त्याने माझे केस विस्कटले आणि म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नकोस, पोरा. घरी मला एवढा मान मिळत नाही." कुंपणापाशी सॉसेज खात उभा असलेला एक जण ओरडला, "अरे, त्याला खुर्ची तरी दे बसायला!" सगळे हसले. मीसुद्धा हसलो असतो, पण ओठ हलेनात.

कराबेलास रागावला नाही. फक्त म्हणाला, "तू बोलत नाहीस. मागचा माणूस मुका असला तर पुढचे सतरा जण आंधळे." आणि गेला. हा माणूस नेहमी एक वाक्य बोलून जातो.

मला बोलता येत नाही, आत्या, तुला माहीत आहे. शाळेत हजेरीला 'हजर' म्हणतानासुद्धा घसा सुकायचा.

बाबांचा फोन आला. "किती मारलेस?" मी म्हटलं, "चेंडू माझ्याकडे आलाच नाही." तसा तो आला होता, पाच वेळा, आणि डोक्यावरून गेला.

कॅलम

*

हॅलोरन बे
८ मे

लाडक्या कॅलम,

त्या प्लंबरला माझा नमस्कार सांग. त्याने तुला दोन तासांत जे शिकवलं त्याला एरवी दोन वर्षं लागतात.

तुला क्लेम हेन्श्केची गोष्ट सांगते. पलीकडच्या करूना गावच्या संघात तो शेवटचा बचावपटू होता. उंच नव्हता, वेगवान नव्हता, दिसायला तर भिजलेल्या पोत्यासारखा. सतरा वर्षं खेळला आणि त्याच्या नावावर अख्ख्या जन्मात एक गोल नाही. पण तो समोर असला की चांगले चांगले आघाडीवीर पोट दुखतंय म्हणायचे. त्याची पाठ मी इतकी पाहिली आहे की चेहऱ्याआधी पाठच आठवते.

तो काय करायचा ते ऐक. माणसाच्या डोळ्यांकडे बघायचा नाही, डोळे फसवतात. कमरेकडे बघायचा. कंबर वळली की माणूस तिकडेच जाणार, देवसुद्धा त्याला थांबवू शकत नाही. दुसरं, शंका असली की झेल घ्यायला जायचा नाही, मुठीने चेंडू उडवायचा. झेल घेतला की टाळ्या पडतात, मूठ मारली की कुणी बघत नाही. आणि गोल? तोही होत नाही. तिसरं, सतत बोलायचा. "डावीकडे एक मोकळा! मागे बघ! सोड, तो माझा!" स्वतःच्या माणसांना हाका, आणि मधल्या वेळात समोरच्याला बायकोच्या मेंढीच्या रश्शाची कृती. एकदा आमच्या संघाचा एक जण ती कृती ऐकता ऐकता पूर्ण सत्रभर चेंडूला शिवला नाही.

तुला बोलता येत नाही म्हणतोस. मग माझ्या स्वयंपाकघरात उभा राहून "आत्या, दूध उतू जातंय!" म्हणून अख्खं घर हादरवायचा तो कोण होता? तुला ओरडता येतं. फक्त समोरच्याला गरज आहे, हे आधी पटावं लागतं. तर पटवून घे. तुझ्या पुढचे सतरा जण माझ्यापेक्षा बहिरे आहेत.

मर्ना आत्या

*

अ‍ॅडलेड
१२ जून

प्रिय आत्या,

महिनाभर लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही होईपर्यंत थांबायचं ठरवलं होतं. आता झालंय.

पहिल्या दोन सामन्यांत नुसता कमरांकडे बघत राहिलो. मी राहतो तिथल्या घरमालकीणबाईंनी विचारलं, "तुला डोकं वर करून बोलायची सवय नाही का रे?" पण तिसऱ्या सामन्यात काहीतरी उलगडलं. चेंडू मैदानाच्या मध्यावर होता, अजून कुणी लाथ मारलेली नव्हती, आणि मला तो कुठे पडणार ते कळलं. नक्की कळलं. मी माझा माणूस सोडला आणि पळालो. आमच्या संघात सिओने तौफा आहे, बचावफळीचा म्होरक्या, आठ वर्षं मागे खेळतोय, तो ओरडला, "कुठे चाललास, येड्या?" चाळीस पावलं पळालो असेन. पोचलो तेव्हा चेंडूही पोचला. मूठ. चेंडू रेषेबाहेर.

सिओने धावत माझ्याकडे आला. मग म्हणाला, "पुढच्या वेळी जाताना सांगून जा. म्हणजे तुझा माणूस मी बघतो."

तेव्हापासून सांगून जातो. "सिओने, तो घे! मी चाललो!" पहिल्यांदा आवाज फाटला. दुसऱ्यांदा कमी फाटला. मागच्या शनिवारी घरी आलो तर घसा बसला होता. इतका अभिमान मला गोल मारून कधी वाटला नव्हता.

पुढे खेळताना चेंडू माझ्या पाठीमागून यायचा, त्याच्याकडे मान वळवून पळावं लागायचं. इथे सगळं मैदान समोर. छत्तीस माणसं काय करणार आहेत ते त्यांच्याआधी दिसतं. हे डोळे मला आधीपासून होते, पण तोंड उलट्या दिशेला होतं. कराबेलासला ते दिसलं होतं, असं आता वाटतं. विचारलं तर म्हणाला, "मला फक्त तू पुढे खराब खेळतोस एवढं दिसलं होतं." आणि गेला.

आता अवघड गोष्ट. बाबा काल म्हणाले, "चौदा सामने, तीन गोल. पोरा, स्वतःला किती त्रास देशील? घरी ये. होडीवर माणूस हवाच आहे." इतक्या मायेने म्हणाले की मी खोटं बोललो त्याची लाज वाटली. तरी सांगू शकलो नाही. लहानपणी एकदा मी म्हटलं होतं की मला मागे खेळायचंय, तर म्हणाले होते, "बचाववाले म्हणजे दुसऱ्याने केलेलं बिघडवणारी माणसं." असा काय राग आहे त्यांना, आत्या? तुला माहीत असेल तर सांग.

कॅलम

*

हॅलोरन बे
२० जून

लाडक्या कॅलम,

माहीत आहे. त्या रागात माझाही हात आहे.

तीस वर्षं झाली. अंतिम सामना, आम्ही विरुद्ध करूना. तेव्हा प्रत्येक क्लबाने एक गोलपंच द्यायचा अशी पद्धत होती, आपल्याकडून मी. तुझा बाप सव्वीस वर्षांचा, घोड्यासारखा. मोसमात नव्व्याण्णव गोल झालेले. शेवटचं मिनिट, आपण तीन गुणांनी मागे, आणि चेंडू गार्थच्या हातात. चाळीस पावलांवर, अगदी समोर. त्याने लाथ मारली आणि चेंडू हवेत असतानाच भोंगा वाजला. चेंडू दोन खांबांच्या बरोबर मधून माझ्या डोक्यावरून गेला. शंभरावा गोल, आणि चषक. लोक कुंपण ओलांडून धावत सुटले. आई रडत होती.

पण गार्थच्या समोर क्लेम हेन्श्के होता. त्याने उडी मारून हात वर केला होता, आणि चेंडू त्याच्या बोटाच्या टोकाला लागला होता. चेंडूची फिरकी बदलली, मी पाहिली. कुणाच्या हाताला लागून गेला की गोल नाही, एकच गुण. मैदानातल्या पंचाला गार्थच्या पाठीमुळे काही दिसलं नव्हतं. तो माझ्याकडे बघत राहिला. सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. गार्थ हसत माझ्याकडे धावत येत होता, मिठी मारायला.

मी एक झेंडा उचलला.

दोन गुणांनी हरलो आम्ही. गार्थ तीन वर्षं माझ्याशी बोलला नाही. नंतर आईला पुरलं त्या दिवशी बोलला. "खुर्ची जरा सरकव," म्हणाला. तिथून पुन्हा सुरुवात झाली. आता आम्ही सगळं बोलतो, पाणी, वारा, कालवं, तुझ्या आईची कंबर. फुटबॉल नाही बोलत.

त्याचा राग माझ्यावर निघणं अवघड होतं, मी सख्खी बहीण. तो बचाववाल्यांवर निघाला. एवढंच.

पण क्लेमचं बोट आठवलं की अजून माझ्या अंगावर काटा येतो, बाळा. सतरा वर्षांच्या खेळात त्याला ती एक उडी साधायची होती आणि ती त्याने भोंगा वाजत असताना साधली. त्याला स्वतःला सोडून फक्त एका बाईने ती पाहिली. अशी माणसं मी जवळून बघितली आहेत, म्हणून तुझं पत्र वाचताना मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते.

बापाला तू सांग. त्याने मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. ते मला तेव्हाही जमलं नव्हतं.

मर्ना आत्या

*

हॅलोरन बे
२२ जुलै

लाडक्या कॅलम,

तू सांगितलं नाहीस. रेडिओने सांगितलं.

मुख्य संघात तुझी पुन्हा निवड झाली हे गार्थला शुक्रवारीच कळलं होतं. त्याला वाटलं, पुढे खेळणार. शनिवारी शेडमध्ये त्याने रेडिओ लावला, कामावरच्या सगळ्यांना बिस्किटं वाटली. मला रेडिओ ऐकू येत नाही, मी कालवं निवडत त्याचा चेहरा बघत होते. हसरा होता. मग त्याचे हात थांबले. सुरी खाली ठेवली. बाकीचे एकमेकांकडे बघायला लागले, त्यावरून मी समजले.

सामना संपेपर्यंत तो तसाच उभा होता. मग माझ्यासमोर आला, मला ओठ दिसावेत म्हणून वाकला. तेवढं भान रागातही ठेवतो तो.

"तुला माहीत होतं?"

"होतं."

"कधीपासून?"

"एप्रिल."

"पुन्हा तूच," म्हणाला. बाजूची टोपली उचलून खाली ठेवली, आपटली नाही, ठेवली, आणि निघून गेला. आपटली असती तर बरं वाटलं असतं.

आज नववा दिवस. दारासमोरून गाडी जाते, थांबत नाही. माझं काही नाही, मला याची सवय आहे. तू मात्र खेळात फरक पडू देऊ नकोस. तुझ्या आईने सांगितलं की समोरच्याला तू एकही गोल करू दिला नाहीस. मुख्य संघात मागे खेळलेला पहिला सामना आणि एकही नाही! मी एकटीच पत्र्याच्या पेटीतली जुनी ब्रँडी काढून प्यायले.

मर्ना आत्या

*

अ‍ॅडलेड
१९ ऑगस्ट

प्रिय आत्या,

बाबा आले होते. तुला माहीत होतं की नाही, माहीत नाही. मला तरी नव्हतं.

शनिवारी आमच्यासमोर यंदाचा सगळ्यात मोठा आघाडीवीर होता, नेट वॉर्डल, साठ गोल. कराबेलास खोलीत आला, म्हणाला, "वॉर्डल ट्रेगेन्झाचा." आणि गेला. सिओने माझ्याकडे बघून म्हणाला, "रश्शाची कृती तयार ठेव." (क्लेमची गोष्ट मी सगळ्यांना सांगितलीय.)

पहिल्या सत्रात वॉर्डलने एक गोल मारला. सुंदर होता, मला काही करता आलं नाही. पूर्वी अशा वेळी माझं सगळं अंग गार पडायचं. या वेळी मी स्वतःलाच मोठ्याने म्हणालो, "झाला. पुढचा." त्याची कंबर डावीकडे वळायला अर्धा क्षण उशीर लावते हे मला कळलं होतं. मग मी दर वेळी त्याला डावीकडेच जागा ठेवली. तो जायचा, मी आधीच तिथे. मूठ. पुन्हा मूठ. तिसऱ्या सत्रात तो चिडून म्हणाला, "तू माझ्या डोक्यात राहतोस का रे?"

तेव्हाच मागे वळलो तर गोलच्या मागे, कुंपणाला टेकून, बाबा. निळी टोपी. बाजूच्या बाकांवर जागा होती, तरी तिथे उभे. पण चेंडू येत होता आणि उजवीकडे एक माणूस मोकळा होता, आणि मी ओरडलो.

वॉर्डलचा तो एकच गोल. आम्ही अकरा गुणांनी जिंकलो.

बाहेर आलो तर बाबा गाडीच्या मागच्या फळीवर कालवांची पेटी उघडून बसलेले. एक उघडून मला दिलं. मी खाल्लं. दुसरं दिलं.

"खोटं का बोललास?"

"भीती वाटली."

"माझी?"

"हो."

ते तिसरं कालव उघडत होते, सुरी फिरवायला नेहमीपेक्षा फार वेळ लागला. मग म्हणाले, "दोन तास ओरडत होतास तू. घरी तर तुझ्या तोंडून शब्द काढायला पकड लागते."

मी रिकामा शिंपला चाटत राहिलो. म्हणजे पुन्हा पकडच.

"तो वॉर्डल," म्हणाले, "त्याला वाटत होतं तो स्वतः डावीकडे जातोय. तू नेत होतास त्याला. मला मागून दिसत होतं. मी त्याच्या जागी असतो तर मलाही कळलं नसतं." त्यांनी सुरी पुसली. "माझ्यासमोर तू असतास, तर नव्व्याण्णव झाले नसते."

"किती झाले असते?"

त्यांनी खरंच हिशोब केला, आत्या. आकाशाकडे बघून.

"सत्तर," म्हणाले. मग पेटीचं झाकण लावलं, गाडीत बसले, काच खाली केली. "साठ."

क्लबाने दोन वर्षांचा नवा करार दिलाय. बचावपटू म्हणून. कराबेलासने कागद पुढे सरकवला, म्हणाला, "आता केस काप." आणि गेला.

पुढच्या शनिवारपासून बाद फेरी. बाबा तुझ्याशी बोलले का?

कॅलम

*

हॅलोरन बे
२६ ऑगस्ट

लाडक्या कॅलम,

काल दुपारी दार वाजलं. म्हणजे वाजलं असावं, मला ऐकू आलं नाही. मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते, वळले तर गार्थ चिमट्यांची डबी धरून उभा.

आत आला. चहा टाकला. त्याने टेबलावरची मिठाची बाटली उचलून मध्ये ठेवली. "हा वॉर्डल." साखरेचं भांडं त्याच्या मागे. "हा कॅलम." मग मिठाची बाटली डावीकडे सरकवली आणि साखरेचं भांडं तिच्याआधी तिथे. पुन्हा केलं. सात-आठ वेळा केलं. माझा भाऊ छप्पन्न वर्षांचा आहे, त्याच्या बोटांना कालवांचे शंभर व्रण आहेत, आणि तो लहान मुलासारखा साखर सांडत मला तुझा खेळ दाखवत होता. "बघ, बघ, आता बघ!" म्हणत होता. तू तसा ओरडतोस म्हणून त्याने ओरडून दाखवलं. शेजारचा कुत्रा भुंकल्याचं मला दिसलं.

मग थकला. सांडलेली साखर हाताने गोळा करत म्हणाला, "मी आयुष्यभर पुढून बघितलं, मर्ना. मागून कसं दिसतं, माहीतच नव्हतं."

त्या अंतिम सामन्याचं त्याने काढलं नाही, मीही नाही. मी त्याला केक कापून दिला.

जाताना दारात थांबला. ओठ दिसावेत म्हणून माझ्याकडे तोंड केलं.

"शनिवारी मी जातोय त्याच्या सामन्याला. गाडीत एक जागा आहे."

"सात तास बसून माझी कंबर मोडेल," मी म्हटलं.

"उशी आणतो. तू फक्त बोल. बावीस वर्षं तिथे उभं राहून काय काय पाहिलंस, ते मला सगळं सांग. क्लेमचंसुद्धा."

मी केकची बशी खाली ठेवली. मग म्हटलं, "सात तास पुरायचे नाहीत, गार्थ."

"मग उरलेलं येताना सांग," म्हणाला.

मर्ना आत्या